गोळीला पत्ता माहीत नसतो

जाईला एक प्रश्न पडला होता आणि तो विचारून विचारून तिनं घरादाराला भंडावून सोडलं होतं. रणजितदादाची पाठ दुखते. पाठ दुखते म्हणून तो गोळी घेतो. गोळी जाते पोटात. मग तिथून ती पाठीपर्यंत पोचते कशी? तिला पाठीचा पत्ता कोण सांगतं?

आई म्हणाली, "जाते बाई कशी तरी. तू आधी वेणी घालून घे." शाळेतल्या सरांनी सांगितलं, की हा धडा पुढच्या इयत्तेत आहे. तालमीतले अप्पा वस्ताद तर मोठ्यानं हसले आणि त्यांनी जाईच्या डोक्यावर टपली मारली. मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं. उत्तर येत नसलं की ती हसतात, आणि हसून झालं की उत्तर दिल्यासारखी आपल्या कामाला लागतात.

शेवटी जाईनं पथ्याला विचारलं. पथ्या म्हणजे घरातला औषधांचा यंत्रमानव. जाई जन्मली त्या सुमारास मिरजेत घरोघरी असे यंत्रमानव आले होते. दुधाच्या कॅनसारखा गोल, चाकांवर फिरणारा, दोन लांब हातांचा. ज्याच्या त्याच्या गोळ्या वेळेवर देणं हे त्याचं काम. जी गोळी खाऊन घ्यायची असेल, ती समोरचं ताट रिकामं झाल्याशिवाय तो हातावर ठेवत नसे. तुम्ही रडा, ओरडा, पाया पडा, पथ्या ढिम्म.

"पथ्या, गोळीला पत्ता कोण सांगतं?"

"हा प्रश्न माझ्या कामात बसत नाही," पथ्या म्हणाला. "आबांना विचार."

आता आबांना विचारायचं कसं? जाईचे आजोबा, डॉक्टर भास्कर घोरपडे, मोठे औषधशास्त्रज्ञ (औषधं शरीरात काय काय करतात याचा अभ्यास करणारे) होते. पथ्याला खाण्यापिण्याचे नियम त्यांनीच शिकवले होते. घराच्या वरच्या मजल्यावर त्यांची प्रयोगशाळा होती आणि तिचं दार सदा बंद असायचं. आत आबा जगाचं भलं करणारं एक औषध बनवत होते. ते तयार होईपर्यंत घरच्यांनी दार वाजवायचं नाही, असा नियम होता. जाई जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत जायची, दाराकडे पाहायची आणि परत यायची.

रणजितदादाचं दुखणंही मुलखावेगळं होतं. तो बावीस वर्षांचा. मल्लखांबावर त्याच्या तोडीचा गडी आसपासच्या चार जिल्ह्यांत नव्हता. एरंडेल चोपडलेल्या त्या गुळगुळीत खांबावर तो असा चढायचा, की खालची पोरं श्वास घ्यायची विसरत. जाई स्वतः तालमीत दोरीचा मल्लखांब शिकत होती, त्यामुळे हे किती अवघड आहे ते तिला ठाऊक होतं. तोच दादा सकाळी उठला की फळीसारखा ताठ व्हायचा. त्याला कूस बदलता येत नसे, वाकून बूट घालता येत नसे.

कुणाचीही पाठ दुखली तर विश्रांतीनं बरी वाटते. दादाची उलटी तऱ्हा. जास्त झोपलं की जास्त दुखायचं आणि हालचाल केली की मोकळं व्हायचं. घरच्यांना वाटलं, नाटकं करतोय. वस्ताद म्हणाले, "आळस शिरलाय अंगात, दुसरं काय न्हाई." वर्षभर दादा हे ऐकून घेत राहिला. मग एकदा आईच त्याला डॉक्टर सबा मुजावर यांच्याकडे घेऊन गेली आणि दुखण्याला नाव मिळालं: मणक्यांचा दाहक संधिवात.

सबा डॉक्टरांनी जाईलाही समोर बसवून समजावलं होतं. "आपल्या अंगात रोगजंतूंशी लढणारं सैन्य असतं. त्याला प्रतिकारशक्ती म्हणतात. कुठं काटा लागला की हे सैन्य धावतं. तिथं लाली येते, सूज येते, जागा गरम होते, ठणकते. याला दाह म्हणायचं. काटा निघाला की सैन्य परत जातं. पण कधी कधी सैन्याचं डोकं फिरतं. काटा नसतो, जंतू नसतात, तरी ते आपल्याच सांध्यांवर चालून जातं आणि तिथंच तळ ठोकतं. तुझ्या दादाच्या मणक्यांत ते झालंय."

मग त्यांनी दाहशामक वेदनाशामक गोळी (दाह आणि दुखणं दोन्ही कमी करणारी) लिहून दिली. गोळी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांनी एका सकाळी दादानं स्वतः वाकून बुटाची नाडी बांधली. आई ते बघून देवघरात गेली आणि रडली. दादा पुन्हा खांबावर चढला. हे इथं मुद्दाम सांगून ठेवलं पाहिजे, कारण पुढे याच गोळीला साऱ्या गल्लीनं शिव्या घातल्या.

पण एक पेच होता. तालमीचा नियम असा, की पहाटे खांबाला हात लावायचा तो उपाशीपोटी. पोटात अन्नाचा कण असलेला गडी खांबावर चढला तर वस्ताद त्याला सगळ्यांदेखत खाली ओढत. तसं उलट्यासुलट्या कसरतींना पोट हलकं असलेलं बरंच. पण दादाची पाठ सगळ्यात ताठ पहाटेच असायची. म्हणजे गोळी हवी ती पहाटे, खांबावर जायच्या आधी. आणि पथ्या खाल्ल्याशिवाय गोळी देणार नाही.

या पेचातून वाट काढली जाईनं. तिचं डोकं असल्या बाबतीत फार चालायचं. पहाटे आई दादापुढे शिऱ्याची ताटली ठेवून गाईचं दूध आणायला जायची. आईची पाठ वळली की ताटली जाईकडे यायची. जाई गरम गरम शिरा मटामटा खायची, ताटली दादापुढे सरकवायची. पथ्या यायचा, रिकामी ताटली उचलून बघायचा आणि गोळी दादाच्या हातावर ठेवायचा. दोघं बहीणभाऊ तोंड दाबून हसायची. जाईच्या पोटात दादाचा नाश्ता, दादाच्या पोटात नुसती गोळी.

"तू आहेस म्हणून मी खांबावर आहे बघ," दादा म्हणायचा. अकरा वर्षांच्या मुलीला यापेक्षा जास्त काय हवं असतं?

आशियाई स्पर्धेच्या संघाची निवड मिरजेत व्हायची ठरली आणि तालमीला ऊत आला. पहाटेचा सराव होताच, संध्याकाळचाही सुरू झाला. तालमीत तेलाच्या बुधल्याशेजारी वस्तादांचा एक पत्र्याचा डबा असायचा. त्यात त्यांनी कुठून कुठून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या असत. कुणाचा खांदा धरला, कुणाचा घोटा मुरगळला, की वस्ताद डबा उघडायचे. "खांबाला तेल, गड्याला गोळी," असं म्हणून ते स्वतःच्याच बोलण्यावर खूश व्हायचे. संध्याकाळी दादाची पाठ पुन्हा धरायची, तेव्हा तेही एक गोळी त्याच्या हातावर ठेवायचे. ती गोळी पिवळी होती, पथ्याची पांढरी. दादाला वाटलं, दोन वेगळी औषधं आहेत.

हळूहळू दादाचा चेहरा उतरत गेला. जिना चढताना त्याला दम लागायला लागला. पोटात जळजळतं म्हणून तो गार दूध प्यायचा. एकदा संडासातून बाहेर येऊन त्यानं जाईला हळूच विचारलं, "काल आपण काळ्या मनुका खाल्ल्या होत्या का गं?"

"नाही तर. का?"

"काही नाही, उगीच." आणि तो हसला.

जाईला ते विचित्र वाटलं. ती जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत गेलीसुद्धा. पण दार बंद होतं, आणि सांगितलं असतं तर शिऱ्याचंही सांगावं लागलं असतं. ती परत आली.

निवडीच्या दिवशी मैदान माणसांनी फुलून गेलं होतं. हलगी वाजत होती. दादा खांबापाशी आला तेव्हा त्याचे ओठ पांढरे पडले होते. वस्तादांनी पुढे होऊन त्याच्या तळहातावर एक सोडून दोन पिवळ्या गोळ्या ठेवल्या आणि पाठीवर थाप मारली. दादानं त्या तशाच गिळल्या.

तो चढला, एक कसरत झाली, दुसरी झाली. टाळ्या पडल्या. मग खांबाच्या टोकावर जाताना त्याची पकड सुटली आणि तो घसरत खाली आला. गुडघ्यांवर बसला आणि ओकला. चहाच्या चोथ्यासारखं काळपट काहीतरी मातीत पडलं.

"नजर लागली पोराला," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "घाबरला असंल," दुसरा म्हणाला. वस्ताद ओरडत होते, "ऊठ लेका, वेळ हाय अजून, ऊठ!" दादा उठला नाही. पंचांनी पुढच्या गड्याचं नाव पुकारलं. तो होता तेजपाल मगदूम, तालमीतलाच, सतरा वर्षांचा.

इस्पितळात दादाला रक्त चढवलं. सबा डॉक्टरांनी त्याला राईच्या दाण्यापेक्षा थोडं मोठं एक दुर्बीणयंत्र गिळायला दिलं. ते यंत्र पोटात फिरून आतलं चित्र बाहेर पाठवू लागलं. तेवढ्यात आबा धावत आले. प्रयोगशाळेचं दार त्या दिवशी त्यांनी उघडं टाकलं होतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"पोटात रक्तस्राव झालाय," सबा डॉक्टर म्हणाल्या. "आणि तो आजचा नाही, बरेच दिवस झिरपतोय. पोटातलं रक्त आम्लानं काळं पडतं. म्हणून शौचाला काळी होते, उलटी चोथ्यासारखी होते. त्यानं कुणालाच सांगितलं नाही? गोळी उपाशीपोटी घेत होता का?"

"शक्यच नाही," आबा ताडकन म्हणाले. "पथ्या खाल्ल्याशिवाय गोळी देत नाही. ती व्यवस्था मी स्वतः लावलेली आहे. विचारा त्याला."

पथ्याला आईनं बरोबर आणलं होतं. तो म्हणाला, "रोज ताटली रिकामी झाली होती."

"ती मी खाल्ली," जाई म्हणाली.

कुणाला काही कळेना. मग तिनं सगळं सांगितलं. शिरा, तालमीचा नियम, वस्तादांचा डबा, पिवळ्या गोळ्या, काळ्या मनुका. आई तिच्याकडे बघतच राहिली. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं जाईला वाटलं. आईनं मारलं नाही आणि जवळही घेतलं नाही.

पथ्या म्हणाला, "मी रिकामी ताटली पाहिली. कुणाचं पोट भरलं ते पाहिलं नाही. मला तसं शिकवलेलं नव्हतं." आबांनी मान खाली घातली.

सबा डॉक्टरांनी त्याच यंत्राकरवी रक्त थांबवलं. दादा झोपला. भिंतीवर त्याच्या पोटाचं चित्र दिसत होतं. गुलाबी, ओली, सुरकुतलेली भिंत आणि तिच्यात बोराच्या बीएवढा एक खड्डा. त्याला व्रण म्हणतात. आबा आणि जाई चित्रासमोर बाकावर बसले होते.

"आबा," जाई म्हणाली, "गोळीला पत्ता कोण सांगतं?"

आबा दचकले. "कुणीच नाही. गोळीला पत्ता माहीतच नसतो."

"मग ती पाठीत कशी जाते?"

"ती सगळीकडेच जाते. पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात शिरते आणि रक्त नेईल तिथं जाते. पाठीत, डोक्यात, पायाच्या अंगठ्यातसुद्धा. पत्र टाकलं तर ते एकाच घरी पोचतं. भोंग्यावरून ओरडलं तर साऱ्या गावाला ऐकू जातं. गोळी म्हणजे भोंगा."

"आणि ओरडते काय?"

"सांगतो. आपल्या पेशी एक रसायन बनवतात. प्रोस्टाग्लँडिन त्याचं नाव (पेशींनी जागच्या जागी तयार केलेला निरोप्या म्हण). दादाच्या मणक्यांत सैन्यानं धुमाकूळ घातला की तिथं हा निरोप्या वाढतो. तो सांगतो, सूज आणा, दुखणं वाढवा. आणि हा निरोप्या जिथं तयार होतो ते कारखाने म्हणजे विकरं (शरीरातली रासायनिक कामं घडवून आणणारी प्रथिनं). गोळी त्या कारखान्यांना ओरडून सांगते, काम बंद करा. निरोप्या कमी झाला की सूज उतरते, वेदना थांबते."

"मग चांगलंच आहे की."

"पाठीत चांगलंच आहे. म्हणून तर दादा वाकू शकला. पण तोच निरोप्या पोटातही असतो." आबांनी चित्राकडे बोट केलं. "आपल्या पोटात इतकं जहाल आम्ल असतं, की ते नुसतं भिंतीला लागलं तर भिंत जाळेल. म्हणून भिंतीवर बुळबुळीत अस्तर असतं. ते अस्तर नीट राखायला कोण सांगतं?"

जाईनं चित्राकडे पाहिलं. खड्ड्याच्या कडेला भिंत लाल झाली होती. "तोच निरोप्या?"

"तोच. गोळीनं पाठीतले कारखाने बंद केले आणि पोटातलेही बंद केले. तिला फरक कळत नाही. मूत्रपिंडातही हाच निरोप्या असतो. अंगात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तोच चालू ठेवतो. म्हणून घाम गाळून, पाणी न पिता ही गोळी घेतली तर मूत्रपिंडाला मार बसू शकतो. दीर्घकाळ, मोठ्या मात्रेत घेतली तर रक्तदाब वाढतो, हृदयालाही धोका असतो. काही गोळ्या पोटाला जरा सांभाळून घेतात, पण हृदयाचा धोका त्यांनाही असतोच. सगळ्यांना सगळं होतं असं नाही. पुष्कळांना काहीच होत नाही. पण कुणाला होईल ते आधी सांगता येत नाही, म्हणून डॉक्टर विचारत राहतात, तपासत राहतात."

"आणि पिवळी गोळी?"

"पांढरीचीच बहीण. नाव वेगळं, रंग वेगळा, काम एकच. पाठीतले कारखाने बंद व्हायचे तेवढे एकीनं झालेच होते. दुसरीनं पाठीला फारसं काही मिळालं नसेल. पोटाचं मात्र जे उरलंसुरलं अस्तर होतं, ते गेलं."

जाईनं पुढचा प्रश्न विचारला. "दादानं शिरा खाल्ला असता तर हे झालं नसतं ना?"

आबांना खोटं बोलता आलं असतं. मोठी माणसं अशा वेळी बोलतात. पण ते शास्त्रज्ञ होते. "जळजळ थोडी कमी झाली असती कदाचित," ते म्हणाले. "पण व्रण टळलाच असता, असं मी म्हणणार नाही. गोळी रक्तातून फिरून पोटाच्या भिंतीत पोचतेच, वर शिरा असो की नसो. घात केला तो दुप्पट मात्रेनं. पोट सांभाळणारी दुसरी एक गोळी असते, ती मी सुरू करायला सांगू शकलो असतो. तरुण पोर आहे, दगड पचवेल, असं म्हणून मीच गप्प बसलो. पण जाई, तो खात नाही हे तू सांगितलं असतंस ना, तर पुढचं सगळं आम्हाला कळलं असतं."

"तुम्ही दार उघडलं असतंत तर सांगितलं असतं," जाई म्हणाली.



नंतरचे दिवस वाईट गेले. व्रण भरेपर्यंत गोळी बंद झाली आणि दादाची पाठ पुन्हा धरली. इतकी, की त्याला मान वळवून बोलणाऱ्याकडे बघता येईना. भेटायला येणारे खुर्चीत बसून चहा पीत आणि म्हणत, "विष हो ते विष! आम्ही कध्धी घेत नाही असल्या गोळ्या." दादा छताकडे बघत ऐकायचा. ज्यांची पाठ कधी जळली नाही, त्यांना विष म्हणायला काय जातंय, असं जाईच्या मनात यायचं. एकदा तिनं ते मोठ्यानं म्हटलं आणि आईनं तिला आत पाठवलं.

वस्तादही नारळ आणि अंगारा घेऊन आले. "इतकी पोरं घेत्यात माझ्या डब्यातली गोळी," ते म्हणाले. "कुणाला काय झालं? ह्याचं पोटच नाजूक." मग त्यांनी तेजपालची संघात निवड झाल्याची बातमी पेढ्यासकट सांगितली. दादानं पेढा घेतला आणि हातातच ठेवला.

पुढे सबा डॉक्टरांनी वेगळं औषध सुरू केलं. हे इंजेक्शन वेदनेच्या निरोप्याला हात लावत नाही. फिरलेल्या सैन्याला चेतवणारा एक वेगळाच निरोप असतो, तो ते अडवतं. "पण यालाही धोके आहेत," त्यांनी आधीच सांगितलं. "सैन्य ढिलं पडलं की खरे जंतू आत शिरू शकतात. ताप आला की लगेच कळवायचं. लपवायचं नाही." 'लपवायचं नाही' म्हणताना त्या जाईकडे बघत होत्या. व्रण भरून आल्यावर अधूनमधून लागली तर पांढरी गोळीही परत आली, थोड्या दिवसांसाठी, कमी मात्रेत, पोट सांभाळणाऱ्या गोळीच्या सोबतीनं आणि भरपूर पाण्याबरोबर. व्यायाम तर रोजचाच. दादा पुन्हा खांबावर जाऊ लागला, पण अर्ध्यापर्यंतच. मणक्यांतला थोडा ताठपणा कायमचा राहिला होता. टोकावरची कसरत त्याला आता कधीच जमणार नव्हती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

एक मात्र बदललं. वरचं दार आता उघडं असायचं. जाई आत जाऊन बसायची. आबा आयुष्यभर काय करत होते ते तिला तिथं कळलं. ते पत्ता असलेली गोळी बनवत होते, जी फक्त पेटलेल्या सांध्यातच उघडेल आणि बाकी साऱ्या दारांवरून गुपचूप पुढे जाईल. अजून ती जमली नव्हती. प्रयोगातल्या उंदरांत ती सांधा सोडून भलत्याच घरात, यकृतात जाऊन उघडायची.

"का?" जाईनं विचारलं.

"तेच तर कळत नाही. तू शोध," आबा म्हणाले. ते चेष्टेत म्हणाले नव्हते.

पथ्यालाही आबांनी नवं शिकवलं. आता तो ताटली बघत नाही. समोर थांबतो, दादा घास गिळेपर्यंत बघतो आणि मग विचारतो, "पोटात जळजळ? शौचाला काळी? आणखी कुणी दिलेली गोळी?" दादा दर वेळी उत्तर देतो. शिऱ्याची ताटली तो अजूनही सवयीनं जाईकडे सरकवतो, आणि जाई ती परत त्याच्याकडे ढकलते. तिला आता शिरा आवडत नाही.

सिंगापूरला आशियाई स्पर्धा झाली, त्या दुपारी चौकात हवेत तिचं मोठं, हलतं चित्र उभं केलं होतं. सारी मिरज लोटली होती. दादाला खुर्ची दिली होती, जाई त्याच्या पायाशी बसली होती. तेजपाल खांबाकडे आला. पुरुषभर उंचीचं त्याचं तोंड चौकात सगळ्यांना दिसलं, फिकट, घामेजलेलं. वस्ताद पुढे झाले, त्याचा हात हातात घेतला, पाठीवर थाप मारली. तेजपालनं मूठ तोंडाशी नेली आणि पाण्याशिवाय काहीतरी गिळलं. चौकात कुणाच्या लक्षातही आलं नाही. लोक "तेजपाल! तेजपाल!" म्हणून ओरडत होते. जाईनं वर पाहिलं. दादानंही पाहिलं होतं.

तेजपाल टोकापर्यंत गेला. रौप्यपदक मिळालं. फटाके लागले, गुलाल उडाला. दादाला कुणीतरी गुलाल लावला, तो त्यानं लावून घेतला. मग खुर्चीचे हात धरून सावकाश उठला आणि म्हणाला, "जाई, चल. इथं गोंगाट आहे."

घरी येऊन त्यानं तेजपालला फोन लावला. पलीकडे हसण्याचे, नाचण्याचे आवाज येत होते.

"दादा! बघितलंस का? बघितलंस का, टोकावर कसा—"

"बघितलं. छान केलंस," दादा म्हणाला. "आता बाजूला ये आणि मी विचारतो त्याचं खरं उत्तर दे. सकाळपासून काय खाल्लंयस?"

"आज? आज कसं खाणार?"

"बरं. किती गोळ्या झाल्या? पोटात जळतंय का? आणि शौचाला काळी होते का?"

पलीकडचे आवाज लांब गेले. तेजपाल कुठंतरी कोपऱ्यात जाऊन उभा राहिला असावा. पथ्या दादाच्या शेजारी येऊन थांबला होता. जाईनं दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती.

"दादा," शेवटी तेजपाल हळू आवाजात म्हणाला, "तुला कसं कळलं?"

"ते मागनं सांगतो. आधी वस्तादांना न विचारता तिथल्या डॉक्टरकडे जा. आत्ता. आणि फोन चालू ठेव, मी आहे."